तिकिटावरचे दोन तास

मागच्या हिवाळ्यात आमच्या गटातल्या दोघी शेवया-पापड घेऊन दिल्लीच्या सरस मेळ्याला निघाल्या. विमानाचं तिकीट गटाच्या पैशातून काढलेलं. विमान दुपारी एकचं, म्हणून आम्ही त्यांना राहुरीहून साडेदहाला जीपमध्ये बसवलं. कोल्हारजवळ उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडवला. दोघी पोहोचल्या सव्वाबाराला. विमानाला अजून पाऊण तास होता, पण सामान घ्यायचा काउंटर बाराला बंद झालेला. तिकीट वाया गेलं.

चूक कुणा एकीची नव्हती. आम्ही सगळ्यांनीच फक्त विमानाचा वेळ धरला होता. म्हणून आज हा हिशेब नीट मांडू.

आधी अंतर. आपण शिर्डीचं विमानतळ म्हणतो, ते आहे कोपरगाव तालुक्यातल्या काकडी गावात, शिर्डीपासून साधारण १४ किलोमीटरवर. १ ऑक्टोबर २०१७ ला ते सुरू झालं. तिथून दिल्ली सरळ रेषेत सुमारे १,०२० किलोमीटर आहे. नकाशावर दोन गावांमध्ये दोरा ताणून धरला, की त्या दोऱ्याची लांबी म्हणजे हवाई अंतर. रस्ता मात्र घाट, नद्या, गावं बघत वळणं घेतो, म्हणून तो १,२०० किलोमीटरच्या आसपास भरतो.

आता वेळ. मोठं जेट विमान वर गेल्यावर तासाला साधारण ८०० किलोमीटर जातं. म्हणजे दिल्लीला सव्वा तास पुरायला हवा. मग तिकिटावर दोन तासांच्या जवळपास का असतात? धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, खाली उतरणं, उतरायला जागा मिळेपर्यंत थांबणं, हे सगळं त्यात धरलेलं असतं.

हैदराबाद काकडीहून सुमारे ५०० किलोमीटर, दिल्लीच्या निम्मं. पण वेळ निम्मा होत नाही. चूल पेटवायला दोन भाकरींसाठीही तेवढाच वेळ लागतो आणि वीस भाकरींसाठीही तेवढाच. विमानाच्या चढ-उताराचं तसंच आहे. त्यात पंख्याचं छोटं विमान असलं तर त्याचा वेगही कमी.

आता उंबऱ्यापासून मोजू. राहुरी ते काकडी दीड तास. विमानतळावर दोन तास आधी. विमानात दोन तास. उतरून सामान मिळेपर्यंत अर्धा तास. दिल्लीत मुक्कामाला पोहोचायला दीड तास. झाले साडेसात तास! कोपरगावहून रेल्वेने वीस तासांच्या आसपास लागतात, म्हणजे विमानाने वेळ वाचतो हे खरं. पण प्रवास दोन तासांचा नाही.

तिकिटावरची वेळ विमान सुटायची असते, आपण पोहोचायची नाही. काउंटर बहुतेक ठिकाणी तासभर आधी बंद होतो. सामान किती किलो चालेल तेही तिकिटावर वाचा. लोणच्याच्या बरण्या हातातल्या पिशवीत ठेवू नका, काउंटरवर द्यायच्या बॅगेत भरा.

यंदा पुन्हा मेळ्याचं बोलावणं आलंय. आम्ही वेळ उलटी मोजली. विमान एकचं, तर विमानतळावर अकराला. रस्त्याचा दीड तास, म्हणजे साडेनऊ. उसाचे दिवस, म्हणून आणखी एक तास. घर सोडायचं साडेआठला! गटाच्या वहीत पहिल्याच पानावर हे लिहून ठेवलंय. तुम्हीही आपल्या गावापासूनचा हिशेब एकदा मांडून बघा.