केसपेपर संगणकात गेला, तरी वही जपा!

बालमित्रांनो, भारतात दवाखान्यात गेलो की आधी केसपेपर काढतात. जपानमध्ये त्याला 'कारुते' म्हणतात. शब्द मूळचा जर्मन. मेइजी काळात जपानी डॉक्टर जर्मन वैद्यक शिकले, त्याबरोबर हा शब्दही आला. संगणकावरचा कारुते तो 'देन्शि कारुते'.

कायद्याप्रमाणे कारुते ५ वर्षे जपावा लागतो. १९९९ साली सरकारने तो नुसता संगणकात ठेवायला परवानगी दिली, पण तीन अटी घातल्या. नोंद कोणी केली ते कळावे व ती गुपचूप बदलता येऊ नये. हवी तेव्हा वाचता यावी. आणि मुदतभर टिकावी. आम्हा संगणकवाल्यांना तिसरी अट सर्वांत अवघड वाटते.

का, ते ११ मार्च २०११ ला दिसले. त्सुनामीत किनाऱ्यावरच्या अनेक दवाखान्यांतले कागद वाहून गेले. इशिनोमाकीच्या नगरपालिका रुग्णालयातही पाणी शिरले. पण तिथल्या नोंदींची दुसरी प्रत डोंगरापलीकडे, यामागाताच्या साइसेइकान रुग्णालयात होती. ती कामी आली.

याउलट, ऑक्टोबर २०२१ मध्ये तोकुशिमातील हान्दा रुग्णालयाच्या संगणकांना चोरट्यांनी कुलूप घातले आणि खंडणी मागितली. सुमारे ८५,००० रुग्णांच्या नोंदी उघडेनात. प्रत होती, पण तीही त्याच जाळ्याला जोडलेली, म्हणून तीही अडकली. दोन महिने कागद-पेनावर काम चालले. म्हणजे प्रत नुसती असून भागत नाही. ती दूर आणि वेगळी हवी.

पालकांसाठी दोन शब्द. २०२३ च्या सरकारी पाहणीत सर्वसाधारण रुग्णालयांपैकी सुमारे ६५ टक्के आणि लहान दवाखान्यांपैकी ५५ टक्के ठिकाणी देन्शि कारुते होता. बाकीच्यांकडे अजून कागदच. शिवाय भारतात टोचलेल्या लशींची नोंद इथल्या संगणकात आपोआप येत नाही. म्हणून मुलांची 'बोशि तेचो' आणि औषधांची 'ओकुसुरि तेचो' या दोन्ही वह्या सांभाळा. २०११ साली निवाऱ्यांत ज्यांच्याजवळ औषधांची वही होती, त्यांचे औषध डॉक्टरांना चटकन कळले. आम्ही घरातल्या वह्यांच्या पानांचे फोटो काढून एक संच पुण्याला आजीकडे ठेवला आहे. तेच आमचे यामागाता!

मुलांनो, या आठवड्याचा गृहपाठ: आपल्याला कोणत्या औषधाची वा पदार्थाची अ‍ॅलर्जी आहे, ते आई-बाबांना विचारा आणि औषधांच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा. मात्र जपानीत! आपले सुंदर मराठी अक्षर इथल्या डॉक्टरांना वाचता येणार नाही.