एक घर, तेरा नावं

कोकणातल्या कुठल्याही वाडीतून फिरा. दारात तुळशीवृंदावन आणि दाराला गंजलेलं कुलूप, असं एखादं घर दिसतंच. माणसं पोटासाठी मुंबईला गेली म्हणून घरं पडली, असं आपण म्हणतो. ते खरं, पण अर्धंच. पुष्कळ घरं मालक फार झाल्यामुळेही पडतात. पावसाआधी कौलं कुणी परतायची, या प्रश्नाला दहा मालकांकडून मिळून एकही उत्तर येत नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या घराचं तेच व्हायच्या बेतात होतं. आजोबांनी ते स्वतःच्या कमाईतून बांधलं. १९७१ साली ते गेले, पुढे आजीही गेली. मृत्युपत्र दोघांचंही नव्हतं. तीन मुलगे आणि दोन मुली असे पाच सारखे हिस्से झाले. आज त्या पाचांचे तेरा मालक आहेत. थोरल्या काकांचा मुलगा एकुलता, म्हणून सबंध पाचवा हिस्सा त्याचा. आमच्या वडिलांच्या हिश्शात आई, भाऊ आणि मी. धाकट्या काकांच्या हिश्शात काकू आणि चार मुलं, म्हणजे एकेकाच्या वाट्याला पंचविसावा भाग. धाकट्या आत्याच्या मागे तिची तीन मुलं. आणि तेरावी थोरली आत्या. वैधव्यानंतर माहेरी परतलेली, वर्षानुवर्षं त्या घरात सांजवात लावणारी.

२०१९ साली चुलतभावाला मुलाच्या शिक्षणासाठी पैशांची निकड लागली. मुंबईचा एक बांधकाम व्यावसायिक जागा घ्यायला तयार होता. "माझा हिस्सा मी का विकू नये?" असं त्याने सरळ विचारलं. प्रश्न वाजवी होता. आत्या एवढंच म्हणाली, "मी आहे तोवर राहू दे रे बाबा. मग काय ते करा." तिचंही खोटं नव्हतं. या दोघांच्या मध्ये कायदा कुठे उभा आहे, हे विचारायला मी तालुक्याच्या वकिलांकडे गेले.

त्यांनी आधी घरोघरी चालत आलेले काही समज दूर केले. जो राहतो त्याचं घर, हा पहिला. एका सहहिस्सेदाराचा ताबा हा सगळ्यांच्या वतीने असतो. नुसतं राहिल्याने बाकीच्यांचा हक्क बुडत नाही. सातबारावर नाव नाही म्हणजे हक्क नाही, हा दुसरा. सातबारा हा महसुलाचा कागद आहे, मालकी ठरते ती वारसाहक्काने किंवा दस्ताने. लग्न झालेल्या मुलीचा माहेरी काय हक्क, हा तिसरा. मृत्युपत्राविना गेलेल्या वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला मुलाइतकाच हिस्सा दिला. मात्र राहत्या घराची वाटणी तिला आपणहून मागता येत नसे. भावांनी वाटणी काढेपर्यंत थांबावं लागे. ती अट २००५ साली गेली. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला जन्मतः हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळून. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो सर्वच मुलींना मिळाला आणि त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिला.

आता विक्रीचं. आपला अविभक्त हिस्सा कुणालाही विकता येतो, सबंध घर मात्र एकट्याला विकता येत नाही. पण एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा परक्याने घेतला, तर त्याला घरात येऊन सामायिक ताबा मागता येत नाही, असं १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा सांगतो. त्याने वाटणीचा दावा लावलाच, तर १८९३ च्या वाटणी कायद्याप्रमाणे घरच्या हिस्सेदाराला न्यायालयाने ठरवलेल्या किमतीत तो हिस्सा परत घेता येतो. आत्याच्या डोक्यावरचं छप्पर एका रात्रीत जाणार नव्हतं, हे ऐकून माझा जीव भांड्यात पडला.

वाटणीचा दावा कुठल्याही हिस्सेदाराला लावता येतो, हिस्सा कितीही लहान असो. न्यायालय आधी प्राथमिक हुकूमनाम्याने हिस्से ठरवतं. मग घरासाठी कमिशनर नेमला जातो. साऱ्याच्या शेतजमिनीची वाटणी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते. शेवटी अंतिम हुकूमनामा. पण माजघर तेरा जणांत वाटायचं कसं? अशा वेळी निम्मा किंवा अधिक हिस्सा असलेल्यांनी मागणी केली, तर न्यायालय मिळकत विकून पैसे वाटण्याचा आदेश देऊ शकतं. त्यावर उरलेल्यांना, "आम्हीच ठरल्या किमतीला घेतो" असं म्हणण्याचा हक्क असतो. हे सारं कागदावर सरळ दिसतं. प्रत्यक्षात एखादा हिस्सेदार वारला, की त्याचे वारस दाव्यात आणायचे, आणि तारखा पुढे चालू.

म्हणून वकिलांनी दाव्याआधीच्या वाटा दाखवल्या. एकमत असेल तर वाटणीपत्र करून दुय्यम निबंधकाकडे नोंदवायचं. ज्याला नको त्याने इतर हिस्सेदारांच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करायचं. किंवा आपसांतच खरेदीखत. शेतजमिनीच्या हिश्शांबद्दल वाद नसेल तर तहसीलदाराकडे वाटणीचा अर्ज चालतो. मात्र फार बारके तुकडे पाडायला तुकडेबंदीची आडकाठी असते. दावा लागलाच असेल, तर लोकअदालतीत तडजोड करता येते. तिथला निवाडा हुकूमनाम्याइतकाच पक्का, त्यावर अपील नाही, आणि भरलेलं न्यायालयीन शुल्क परत मिळतं.

आम्ही दोन मूल्यांकनकारांकडून किंमत काढली आणि मधला आकडा धरला. माझा भाऊ आणि धाकट्या काकांचे दोघे मुलगे यांनी मिळून चुलतभावाचा हिस्सा दोन हप्त्यांत घेतला. बाहेरच्यापेक्षा त्याला थोडं कमी मिळालं. पण मुलाची फी वेळेत भरली गेली आणि गणपतीला तो आजही येतो. उरलेल्या बारा जणांच्या वाटणीपत्रात आत्याचा तहहयात राहण्याचा हक्क स्पष्ट लिहिला. दुरुस्तीचा खर्च कुणी किती द्यायचा, तेही लिहिलं. सगळ्याला चौदा महिने लागले. त्यातले निम्मे नुसते वारसनोंदी आणि फेरफार करण्यात गेले, कारण १९७१ नंतर त्या कागदांना कुणी हातच लावला नव्हता.

ज्यांच्या गावाकडे असं घर आहे, त्यांनी या सुट्टीत एवढं करावं. सातबारा, आठ-अ, घरपट्टीचा उतारा किंवा मिळकत पत्रिका काढावी. हयात असलेल्या वडीलधाऱ्यांना समोर बसवून वारसांची यादी लिहावी, मुलींसकट. स्वतःच्या हिश्शाचं मृत्युपत्र करावं. आणि बहिणीकडून हक्कसोड घ्यायचंच असेल, तर तेराव्याच्या गर्दीत कागद पुढे करू नये. तिला तिचा हिस्सा किती, त्याची किंमत किती, हे आधी सांगावं, विचाराला वेळ द्यावा. मग तिने स्वखुशीने सोडला तर तिचे उपकार मानावेत. नाही सोडला, तर तो तिचाच आहे. वाटणीचं नाव काढलं की घर मोडलं, असं आपल्याकडे समजतात. आमच्याकडे मात्र वाटणी झाल्यावरच, कित्येक वर्षांनी, छपराचे वासे बदलले गेले.