‘दीझा’: एक शब्द, अनेक वाद

अरबी कोशांत ‘दाद-या-झाय’ या धातूखाली फारसे काही सापडत नाही. त्यातला एकच शब्द प्रसिद्ध आहे, ‘दीझा’. कुराणात तो एकदाच येतो, ५३व्या सूरेच्या २२व्या आयतीत. दुर्मीळ शब्दाभोवती समजुती लवकर जमतात, तशा याच्याभोवतीही जमल्या आहेत.

गैरसमज: ‘किस्मतुन दीझा’ म्हणजे फुटके नशीब.

मराठी कानाला हा अर्थ पटतो, कारण आपली ‘किस्मत’ नशिबाशीच बांधलेली आहे. तो अर्थ फारसी-उर्दूच्या वाटेने आला. अरबीत ‘किस्मा’ म्हणजे वाटणी. वतनाच्या जुन्या कागदांतले ‘तक्षीम’ आणि ‘तक्षीमदार’ हे त्याच धातूचे शब्द, आणि तिथे वाटणीचा अर्थ शाबूत आहे. आयतीचा संदर्भही वाटणीचाच आहे: मूर्तिपूजकांना स्वतःसाठी मुलगे हवेत आणि देवाच्या वाट्याला मात्र लात, उझ्झा, मनात या देवी ‘मुली’ म्हणून. अशा वाटणीला अन्याय्य, हक्क बुडवणारी म्हटले आहे.

गैरसमज: हमझा (कंठ क्षणभर अडवून होणारा ध्वनी) घालून लिहिलेला ‘दिअ्झा’ ही नकलनविसाची चूक आहे.

छापील प्रतींत बहुतेक ठिकाणी ‘दीझा’च दिसतो, म्हणून दुसरे रूप चुकीचे वाटणे साहजिक आहे. पण ‘दिअ्झा’ हा मक्केचे पाठकार इब्न कसीर (मृत्यू इ.स. ७३८) यांचा मान्य पाठ आहे. (१४व्या शतकातले भाष्यकार इब्न कसीर वेगळे, दोघांची गल्लत नेहमी होते.) सुरुवातीच्या लिपीत हमझाची खूणच नव्हती. अक्षरांचा तोच सांगाडा दोन्ही उच्चारांना पुरत असे, त्यामुळे नकलनविसाला इथे चुकायला जागाच नाही. गंमत अशी की मक्का ज्या प्रांतात आहे त्या हिजाझची बोली हमझा गाळण्यासाठी ओळखली जाते, आणि इथे मक्केच्याच पाठकाराने तो राखला आहे.

खरा वाद व्याकरणाचा आहे. व्याकरणकार सीबवैह यांच्या मते ‘फिअ्ला’ या घडणीचे विशेषण अरबीत होत नाही. मग ‘दीझा’ विशेषण कसे? उत्तर असे की मूळ घडण ‘फुअ्ला’, म्हणजे ‘दुय्झा’, आणि पुढच्या ‘य’मुळे उकाराचा इकार झाला. याला पुरावा आहे. ‘अहमर’ (तांबडा) याचे अनेकवचन ‘हुम्र’, पण ‘अब्यद’ (पांढरा) याचे ‘बुय्द’ न होता ‘बीद’ होते. हमझाच्या रूपाला हा युक्तिवाद लागू पडत नाही, कारण तिथे ‘य’च नाही. म्हणून ते रूप ‘झिक्रा’ (स्मरण) यासारखे भाववाचक नाम मानून विशेषणाच्या जागी वापरले आहे, असा खुलासा केला जातो. म्हणजे एकाच अर्थाचे दोन शेजारी धातू.

गैरसमज: केवळ यमकासाठी हा शब्द घडवला.

सूरेतील बहुतेक आयती ‘आ’कारान्त आहेत, तेव्हा संशयाला जागा आहे. यमकाचा मुद्दा जुन्यांनीही नाकारलेला नाही. ‘जाइरा’ किंवा ‘झालिमा’ हे नेहमीचे शब्द इथे घातले तर लय मोडते, हे साहित्यशास्त्रकार इब्न अल-असीर (मृत्यू इ.स. १२३९) यांनीच दाखवले. पण निवडणे वेगळे आणि घडवणे वेगळे. हक्क मारणे या अर्थाची क्रियापदे कोशकारांनी हमझासह आणि हमझाविना, दोन्ही रूपांत नोंदवली आहेत. यमकापुरता जन्मलेल्या शब्दाला एवढे गणगोत नसते.

गैरसमज: देवनागरीत ‘झीझा’ लिहिणे अशुद्ध, ‘दीझा’च शुद्ध.

रमजान की रमादान, हा वाद शब्दातल्या याच ‘दाद’ अक्षराचा. फारसीने ‘दाद’चा उच्चार ‘झ’ केला आणि त्याच वाटेने अर्ज, हजर, जामीन मराठीत आले. त्यांना कोणी अशुद्ध म्हणत नाही. शिवाय आजचा अरबी ‘द’ही मूळचा नाही. सीबवैह यांनी वर्णिलेला ‘दाद’ जिभेच्या कडेने, काहीसा ‘ल’च्या अंगाने उच्चारला जाई. अरबी ‘अल-कादी’पासून झालेल्या स्पॅनिश ‘अल्काल्दे’मध्ये तो ‘ल’ अजून ऐकू येतो.