ढेकळातला कोळसा

काचेच्या दोन बरण्यांत पाणी घेतलं. एकीत नांगरटीतलं ढेकूळ सोडलं, दुसरीत त्याच शेताच्या बांधावरचं, मारवेल गवताच्या बुडाशी मिळालेलं. पहिलं बघता बघता फुटलं आणि तळाशी चिखल बसला. दुसरं तसंच राहिलं, पाणीही नितळ. माती तीच, पाऊस तोच. फरक फक्त मुळांचा.

जिवंत मुळं साखरेसारखे रस जमिनीत सोडतात. त्यावर जिवाणू आणि बुरशी पोसतात. त्यांच्या चिकट द्रव्यांनी आणि तंतूंनी मातीचे कण एकमेकांना धरून बसतात, आणि सूक्ष्मजीव मेले की त्यांच्यातला कर्ब चिकणमातीच्या कणांना चिकटतो. असा अडकलेला कर्ब कित्येक दशकं टिकतो. नांगराने हे कणांचे पुंजके फोडले की हवा आत शिरते आणि साठवलेला कर्ब वायू होऊन निघून जातो. जगभरच्या जमिनीच्या वरच्या एक मीटरमध्ये सुमारे दीड लाख कोटी टन सेंद्रिय कर्ब आहे. हवा आणि वनस्पती मिळूनही इतका नाही. म्हणूनच उजाड जमीन पुन्हा हिरवी करण्याला एवढं मोल आहे.

जमीन हिरवी करण्याचा हा प्रयोग फार मोठ्या प्रमाणावर झाला तो चीनच्या लोएस पठारावर. क्षेत्र सुमारे साडेसहा लाख चौरस किलोमीटर, म्हणजे दोन महाराष्ट्रांहून मोठं. वाऱ्याने आणून टाकलेली भुसभुशीत पिवळी माती, काही ठिकाणी दोनशे मीटरहून खोल. शतकानुशतकं उतारावर नांगर आणि शेळ्या फिरल्या, आणि विसाव्या शतकाच्या मध्याला पीत नदी वर्षाला सुमारे 160 कोटी टन गाळ वाहत होती. 1999 मध्ये सरकारने तीव्र उतारावरची शेती थांबवायला सुरुवात केली. बदल्यात शेतकऱ्यांना धान्य आणि पैसा दिला. 1999 मध्ये 31.6 टक्के असलेलं वनस्पतींचं आच्छादन 2013 पर्यंत 59.6 टक्क्यांवर गेलं. गाळ पाव हिश्शाच्याही खाली आला. त्यात पायऱ्यांच्या शेतीचा आणि ओढ्यांवरच्या बांधांचाही मोठा वाटा आहे. मातीतला कर्बही वाढला, पण सावकाश आणि आधी वरच्या थरांत.

मला मात्र तिथल्या खुरटलेल्या पॉप्लरविषयी जास्त सांगावंसं वाटतं. लावून कित्येक वर्षं झाली तरी ही झाडं बुटकी, शेंडे वाळलेली. लोक त्यांना ‘छोटी म्हातारी झाडं’ म्हणतात. तिथे पाऊस आपल्या माण-खटावसारखाच तुटपुंजा. रॉबिनियासारख्या तहानलेल्या झाडांनी खोलवरची ओल शोषली, आणि पावसाने भरून न निघणारा कोरडा थर जमिनीत तयार झाला. 2016 मध्ये संशोधकांनी बजावलं, की इथली हिरवाई पाण्याच्या मर्यादेला टेकत आली आहे. तिथल्या गवताची आणि झुडपांची तहान त्या मानाने कमी.

आपल्याकडे वृक्षारोपण म्हटलं की आधी माळावर खड्डे खणले जातात. पवन्या, कुसळी, मारवेल ही गवतं उपटून त्या जागी रोप उभं राहतं. ज्या मुळांनी माती धरून ठेवली, ती आपणच तोडतो. हे पाहताना जीव तुटतो. माळ ओसाड नसतो, त्याचा साठा जमिनीखाली असतो.

आपल्याकडच्याच हिवरे बाजार गावाने झाडं लावलीच, पण त्याबरोबर कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदीही केली. डोंगरावर पाणी अडवायला चर खणले, जनावरं मोकळी सोडणं बंद झालं, आणि गवत विळ्याने कापून न्यायची मुभा राहिली. विळा वरचं पातं नेतो. बुडखा आणि मूळ जमिनीतच राहतं.