दारातली सायकल आणि छातीतला दम

सकाळचे साडेसहा वाजले आहेत. डेअरीत दूध घालायचे आहे. डेअरी घरापासून फार तर एक किलोमीटर. तुम्ही किटली हँडलला अडकवता, मोटारसायकलला किक मारता आणि दहा मिनिटांत परत येता. चहा होतो. मळ्यात जायचे, पुन्हा गाडी. पूर्वी मोटर सुरू करायला विहिरीपर्यंत जावे लागे. आता बऱ्याच ठिकाणी ती घरबसल्या मोबाइलवरून सुरू होते. नांगरट ट्रॅक्टर करतो, मळणी यंत्र करते. भाकरी मात्र वडिलांच्या काळाइतकीच, आणि वरून दोन वेळचा गोड चहा वाढलेला.

वाचकहो, यात कुणाला दोष द्यायचा नाही. यंत्रे आली ती बरेच झाले. आपल्या वाडवडिलांनी मोट हाकून जे हाल काढले, ते परत कुणाच्या वाट्याला येऊ नयेत. पण एक प्रश्न स्वतःला विचारून पाहा. सलग अर्धा तास छाती भरून श्वास चालला आहे आणि अंगाला घाम फुटला आहे, असे शेवटचे कधी झाले? आठवून सांगावे लागत असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

"आम्ही शेतकरी माणसे, आम्हाला व्यायामाची काय गरज?" असे तुम्ही म्हणाल. हेच म्हणत आपण फसलो आहोत. मधुमेह आणि रक्तदाब हे पूर्वी शहरातल्या गादीवर बसणाऱ्यांचे रोग समजत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने देशभर पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. देशात मधुमेहाचे रुग्ण दहा कोटींच्या वर आणि दर शंभर प्रौढांत पस्तीसजणांना रक्तदाबाचा विकार, असा तो हिशेब होता. ही पाहणी खेड्यांतही झाली होती. पन्नाशीतला धडधाकट गडी रानातून आला, छातीत कळ आली, घरच्यांनी पित्त समजून सोडा दिला आणि तालुक्याला पोचेपर्यंत उशीर झाला, ही गोष्ट आता कुठल्या गावाला नवी राहिलेली नाही.

दम म्हणजे काय?

आपल्याकडे तालमीत 'दमसास' हा शब्द आहे. पैलवानाच्या अंगात ताकद कितीही असो, दम नसेल तर तो कुस्ती लांबली की हरतो. डॉक्टर लोक ज्याला 'कार्डिओ' व्यायाम म्हणतात, तो दुसरे तिसरे काही नसून दम वाढवणारा व्यायाम आहे. पायांचे मोठे स्नायू एका लयीत बराच वेळ चालत राहिले, की त्यांना रक्त पुरवण्यासाठी हृदय आणि फुप्फुसे जोराने कामाला लागतात. रोजच्या सरावाने हृदयाचा स्नायू बळकट होतो आणि एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतो.

विहिरीवरच्या पंपासारखेच आहे हे. चांगला पंप कमी वेळ चालून तेवढेच रान भिजवतो. विसावलेल्या माणसाचे हृदय मिनिटाला साधारण सत्तर-बहात्तर ठोके देते. सरावाने त्यातले पाच ठोके जरी कमी झाले, तरी दिवसाकाठी ७,२०० ठोक्यांची झीज वाचली. वर्षाचा हिशेब तुम्हीच करा.

शेतातले काम हा व्यायाम नव्हे काय? आहे, पण सगळे काम नव्हे. उसाची मोळी वाहणारा किंवा दिवसभर उन्हात भांगलणारी बाई, यांना व्यायामापेक्षा पोटभर अन्नाची आणि विश्रांतीची गरज आहे. त्यांना सायकलीचा उपदेश करणे अन्यायाचे होईल. पण पाण्याचे दार फोडणे, फवारणीच्या माणसांवर देखरेख, बाजाराला जाणे, कचेरीत हेलपाटे, यात वेळ जातो आणि अंग शिणते, तरी दम लागत नाही. शीण येणे वेगळे आणि व्यायाम होणे वेगळे.

बसचा ड्रायव्हर आणि कंडक्टर

याची साक्ष लंडनमधून मिळाली. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी तिथल्या दुमजली बसच्या नोकरांचा अभ्यास करून १९५३ साली तो प्रसिद्ध केला. ड्रायव्हर दिवसभर बसून, तर कंडक्टर दिवसभर जिना वरखाली करणारा. हृदयविकाराचे प्रमाण ड्रायव्हरांत जास्त आणि कंडक्टरांत कमी आढळले. टपाल खात्यातही तेच दिसले. पायी किंवा सायकलीवर टपाल वाटणारे पोस्टमन, खुर्चीवर बसणाऱ्या कारकुनांपेक्षा या विकारापासून जास्त सुरक्षित होते. पुढे २०१७ साली ब्रिटनमधील अडीच लाखांहून अधिक लोकांचा अभ्यास झाला. कामाला सायकलीने जाणाऱ्यांत हृदयविकार आणि अकाली मृत्यू, दोन्हींचे प्रमाण बरेच कमी दिसले.

यातला मुद्दा ध्यानात घ्या. त्या पोस्टमनने व्यायामासाठी वेगळा वेळ काढला नव्हता. रोजचे काम हाच त्याचा व्यायाम होता. शेतकऱ्याला परवडणारा मार्ग हाच आहे.

आपल्याच मातीतली गोष्ट

सायकल आणि व्यायाम या दोन्हींचे सातारा-सांगलीशी जुने नाते आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे बंधू रामूअण्णा यांनी १८८८ साली बेळगावात उद्योग सुरू केला तो सायकलींच्या दुकानाने. लोखंडी नांगर आणि कडबा कापण्याचे यंत्र ही त्यानंतरची. बेळगावातून हलावे लागले तेव्हा औंध संस्थानच्या राजांनी त्यांना कुंडलजवळच्या माळावर जागा दिली. १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. आज ती सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात आहे.

आणि हे राजे कोण? औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. साताऱ्याच्या खटाव तालुक्यातले हे औंध. याच राजांनी सूर्यनमस्काराचा ध्यास घेतला, स्वतः रोज घातले, संस्थानच्या शाळांतून मुलामुलींना घालायला लावले आणि त्यावर पुस्तके लिहिली. व्यायामाला पैसा लागत नाही, जागा लागत नाही, नेम मात्र लागतो, ही शिकवण औंधने दिली. सायकलीच्या व्यापाऱ्याला आसरा देणारा आणि व्यायामाचा प्रचार करणारा राजा एकच होता, हा योगायोग खरा. पण आपल्याला त्यातून धडा घेता येतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असे आपले झाले आहे.

"गाडी इकली का काय?"

खरी अडचण पायांत नाही, मनात आहे. ज्या सायकलीवर आपल्या वडिलांनी बाजार केला, ती आज गरिबीची खूण झाली. कुणी सायकलीवर निघाला की पारावरून हाक येते, "काय तात्या, गाडी इकली का काय?" एवढ्या एका वाक्याने कितीजणांच्या सायकली पुन्हा माळ्यावर गेल्या असतील!

यावर उपाय एकच. हसून "नाय इकली, तिला जरा इसावा दिलाय," म्हणावे आणि पुढे जावे. आठ दिवस लोक हसतात, पंधरा दिवसांनी विचारपूस करतात आणि महिन्याने एखादा बरोबर येतो.

सायकल आधी अंगाला बसवून घ्या

नवी महागडी सायकल घेण्याची घाई नको. घरातली जुनी काळी सायकल उत्तम. पंक्चरवाल्याकडून ओव्हरऑइलिंग करून घ्या, ब्रेकचे रबर बदला, साखळीला तेल द्या, टायरमध्ये हवा पुरेशी ठेवा. कमी हवेची सायकल म्हणजे रुतलेली बैलगाडी.

मग सीटची उंची पाहा. सीटवर बसून एक पायंडल अगदी खाली घ्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय जेमतेम सरळ झाला पाहिजे. चालवताना मात्र पायंडलावर टाच नव्हे, चवड्याचा भाग ठेवावा, म्हणजे गुडघा खाली किंचित वाकलेला राहतो. "सायकलीने गुडघे दुखतात" ही तक्रार पुष्कळदा सीट फार खाली असल्याची असते. चढाचे गाव असेल तर मागचे फ्रीव्हील जास्त दातांचे बसवून घ्या. वेग थोडा कमी होईल, पण चढ हलका जाईल.

सुरुवात कशी करावी?

पहिले दोन आठवडे एक दिवसाआड फक्त दहा मिनिटे. पुढचे दोन आठवडे पंधरा ते वीस मिनिटे. दुसऱ्या महिन्यात हळूहळू अर्ध्या तासावर या आणि आठवड्यातून पाच दिवस ठेवा. म्हणजे आठवड्याला १५० मिनिटे झाली. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसासाठी किमान एवढाच मध्यम व्यायाम सांगितला आहे. ताशी बारा किलोमीटरच्या गतीने अर्ध्या तासात सहा किलोमीटर होतात. डेअरी आणि मळा मिळून तेवढे अंतर बहुतेकांच्या दिवसात आधीच आहे.

जोर किती लावावा, याची खूण सोपी आहे. सायकल चालवताना शेजाऱ्याशी बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये. गाता आले तर जोर कमी. बोलताही येईना तर जास्त. सुरुवातीची आणि शेवटची पाच मिनिटे सावकाश चालवा.

एक भ्रम मात्र नको. साठ किलोच्या माणसाने ताशी पंधरा किलोमीटरने तासभर सायकल मारली, तर साडेतीनशेच्या आसपास उष्मांक खर्च होतात. ते दोन भाकरींत भरून निघतात. तेव्हा फिरून आल्यावर वडापाव खाल्ला तर वजन उतरणार नाही. पण वजन उतरले नाही, तरी दम वाढतो, रक्तातील साखर आणि रक्तदाब आटोक्यात राहायला मदत होते. तो लाभ वजनाच्या काट्यावर दिसत नाही.

रस्ता ओळखून निघा

पुणे-बेंगळूरू महामार्ग व्यायामाची जागा नव्हे. कालव्याकडेचे आणि गावांना जोडणारे आतले रस्ते निवडा. कृष्णाकाठी, वाळवा-पलूस-मिरज भागात सपाटी आहे. नवख्याला ती सोयीची. जत, आटपाडी, माण, खटावच्या माळांवर वारा फार. तिथे जाताना वाऱ्याच्या तोंडावर जा आणि येताना वारा पाठीशी घ्या, म्हणजे दमलेल्या पायांना मदत होईल. साताऱ्याचा यवतेश्वर घाट किंवा वाईजवळचा पसरणी घाट पहिल्या तीन महिन्यांत नकोच. चढताना छाती फुटते आणि उतरताना ब्रेकवर सगळा भरवसा.

उसाचा हंगाम सुरू झाला की रस्त्यावर ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या धावतात. अनेकांना मागे दिवा नसतो. त्या दिवसांत अंधारात सायकल काढू नका. एरवीही मागच्या मडगार्डला लाल रिफ्लेक्टर आणि अंगात पांढरा सदरा असू द्या. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत परतावे आणि बरोबर पाणी ठेवावे.

घरातल्या बायकांनी काय करावे?

वहिनी, काकी, तुम्हालाही हे लागू आहे. मुलगी सायकलीवरून हायस्कूलला जाते तेव्हा आपण कौतुक करतो. तीच सायकल संध्याकाळी आईने घेतली तर काय बिघडते? तमिळनाडूच्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९१-९२ च्या सुमारास साक्षरता मोहिमेबरोबर खेड्यापाड्यातल्या हजारो बायका सायकल शिकल्या. त्यांत शेतमजूर होत्या, खाणीत राबणाऱ्या होत्या. तिथेही आधी लोक हसलेच होते.

चाळिशीत शिकायचे तर लेडीज सायकल घ्या, सीट इतकी खाली करा की दोन्ही तळवे जमिनीला टेकतील, आणि दोन्ही पायंडले काढून ठेवा. पायाने जमीन ढकलत खळ्यावर किंवा शाळेच्या मैदानावर चालवा. तोल आपोआप येतो; मग पायंडले बसवा. साखळीला झाकण हवेच, म्हणजे पदर किंवा ओढणी अडकणार नाही. सायकलीने हृदयाला बळ येते, पण हाडांना चालण्याइतके येत नाही. म्हणून आठवड्यातून दोनतीनदा चालणेही ठेवा.

हे विसरू नका

चाळिशी उलटली असेल, रक्तदाब किंवा मधुमेह असेल, किंवा चालताना पूर्वी कधी छातीत दुखले असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. मधुमेहाची औषधे घेणाऱ्याने खिशात साखर किंवा गुळाचा खडा ठेवावा. हातपाय थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली की लगेच खावा. गोळ्या मनाने बंद करू नयेत.

छातीवर दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, थंड घाम, अशी लक्षणे दिसली तर सायकल तिथेच ठेवून खाली बसा. पित्त समजून वाट पाहू नका. १०८ नंबरला फोन लावा किंवा मिळेल त्या वाहनाने दवाखाना गाठा. अशा वेळी मोटारगाडी हवीच. ती त्यासाठीच राखून ठेवावी.

आपण बैलांना खुराक घालतो, पंपाला ग्रीस देतो, ट्रॅक्टरचे ऑइल वेळेवर बदलतो. ज्याच्या जिवावर हे सगळे चालते, त्या माणसाकडे पाहायला मात्र सवड नसते. उद्या सकाळी मोटारसायकल दारातच राहू द्या. किटली सायकलीच्या हँडलला अडकवा. दूध पाच मिनिटे उशिरा पोचले म्हणून डेअरी बंद होत नाही.