खुर्च्यांनाही हवा लग्नाचा पोशाख?

तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते आणि घरोघरी याद्या निघतात. कार्यालय, आचारी, भटजी, बँड, मानपान, आहेराच्या साड्या... संपता संपत नाहीत. गेल्या काही वर्षांत या यादीत आणखी एक ओळ येऊन बसली आहे. 'खुर्च्यांची कव्हरं.' पांढरंशुभ्र कव्हर, पाठीमागे सॅटिनचा रंगीत बो. पूर्वी हे शहरातल्या मोठ्या हॉटेलांत दिसायचं. आता तालुक्याच्या गावातल्या लॉनवरही रिसेप्शनला कव्हराशिवायची खुर्ची म्हणजे काहीतरी कमीपणा वाटू लागला आहे.

आमच्या लहानपणी लग्नात सतरंज्या अंथरलेल्या असायच्या. वरपक्षाच्या वडीलधाऱ्यांसाठी तेवढे लोड-तक्के. मग लोखंडी घडीच्या खुर्च्या आल्या. उन्हात तापायच्या, बोट चिमटायचं, नव्या साडीला गंजाचा डाग पडायचा. त्यानंतर प्लॅस्टिकच्या आल्या. हलक्या, धुता येणाऱ्या, एकावर एक रचता येणाऱ्या. सोय झाली. पण सोय झाली तिथे हौस सुरू होते, आणि हौसेची रीत व्हायला वेळ लागत नाही. अडचण तिथेच आहे. हौस आपल्याला परवडेल तेवढीच करता येते. रीत मात्र कर्ज काढूनही पाळावी लागते.

बचत गटाच्या कामामुळे मला हे जवळून बघायला मिळतं. कर्जाच्या अर्जात 'कारण' या रकान्यात 'मुलीचं लग्न' हे दोन शब्द वारंवार येतात. आमच्या एका गटातल्या ताईंनी मागे असाच अर्ज केला. नवरा नाही, पोळ्या लाटून संसार चालवतात. बैठकीत त्यांनी बिछायत केंद्रवाल्याने दिलेला हिशेबाचा कागद पुढे ठेवला. त्यात एक ओळ होती : 'खुर्ची कव्हर व बो, ६०० नग, दर २५ रुपये, एकूण १५,००० रुपये.' गटाचं व्याज महिना शेकडा दोन रुपये. म्हणजे नुसत्या कव्हरांपायी पहिल्याच महिन्याला ३०० रुपये व्याज! तेवढ्यासाठी किती पोळ्या लाटाव्या लागतात, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

"ही कव्हरं कुणी सांगितली?" मी विचारलं.

"मुलाकडच्यांनी. त्यांच्या मोठ्या सुनेच्या वेळी होती म्हणे. आता आपण नाही कसं म्हणायचं?"

गटातल्या एक आजीबाई इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, पण सहाशे माणसं एकदम येऊन बसणारेत का?"

मग आम्ही सगळ्यांनी मिळून हिशेब मांडला. रिसेप्शन संध्याकाळी ७ ते १०. माणसं येणार, रांगेत उभी राहणार, आहेर देऊन फोटो काढणार, बुफेत जेवणार आणि निघणार. एका वेळी बसलेली फार तर दोन-अडीचशे. म्हणजे खुर्च्या ३०० पुरे. कव्हरं घालायचीच तर स्टेजसमोरच्या १०० खुर्च्यांना. जेवणाकडच्या खुर्च्यांना तर नकोच, तिथे आमटी आणि गुलाबजामचा पाक सांडतोच. १०० कव्हरांचे झाले २,५००. वाचले १२,५००.

राहिला प्रश्न मुलाकडच्यांना सांगायचा. ते काम मुलीनेच केलं. सरळ होणाऱ्या नवऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "कव्हरं? खुर्च्या कोण बघतंय?" चौकशी केली तेव्हा कळलं, बोलणी चालू असताना त्याची एक आत्या सहज बोलून गेली होती, "आमच्याकडे कव्हरं होती हं." बाकी कुणाला त्याचा पत्ताही नव्हता. इकडे एक आई त्या वाक्यापायी पंधरा हजारांचं कर्ज काढायला निघाली होती.

मैत्रिणींनो, हुंडा देणं, घेणं, मागणं हा १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे. त्यामुळे तो उघड मागायला लोक बिचकतात. पण 'लग्न चांगलं करून द्या' या चार शब्दांत कितीतरी गोष्टी लपलेल्या असतात. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला आणि कमी खर्चाच्या साध्या लग्नाचा पुरस्कार केला. दीडशे वर्षं होऊन गेली आणि आपण अजून खुर्चीला बो कोणत्या रंगाचा, यावर अडून बसतो!

आता, हौस असेल आणि ऐपतही असेल तर कव्हरं जरूर घ्या. मांडव सुरेख दिसतो, जुन्या, ओरखडे पडलेल्या खुर्च्या झाकल्या जातात. फक्त ठरवताना चार गोष्टी बघा.

कार्यालयाच्या भाड्यात खुर्च्या आणि कव्हरं आहेत का, ते आधी विचारा. पुष्कळदा ती असतात आणि आपण बाहेर वेगळे पैसे मोजतो.

खुर्ची हाताची आहे की बिनहाताची, ते सांगा. एकीचं कव्हर दुसरीला बसत नाही. लायक्राचं कव्हर ताणून नीट बसतं. सॅटिनचं चमकतं, पण सरकतं. त्यावर म्हातारी माणसं घसरतात, आणि जमिनीला टेकणाऱ्या झालरीत पाय अडकतो.

फोटोवर जाऊ नका. दोन-चार कव्हरं प्रत्यक्ष उघडून बघा. हळदीचे, पानाचे डाग, उसवलेली शिवण, कुबट वास तिथेच कळतो.

दर नुसत्या कव्हराचा की बोसकट, घालण्या-काढण्याची मजुरी आणि गाडीभाडं त्यात धरलंय का, विसार किती, हरवलं किंवा फाटलं तर नगामागे किती कापणार, हे सगळं कागदावर लिहून घ्या. बिल मागा. काही बिनसलं तर ग्राहक आयोगाकडे जाताना तोच कागद कामी येतो.

कव्हरं येताना आणि जाताना मोजायला घरचा एक जबाबदार माणूस नेमा. रात्री बारा वाजता थकलेल्या आईवर ते काम सोडू नका. आणि होमकुंड, समया, फटाके यांच्यापासून ही कव्हरं लांब ठेवा. सिंथेटिक कापड लगेच पेट घेतं आणि वितळून अंगाला चिकटतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खर्च कुणी करायचा, ते बोला. ज्या बाजूची हौस, त्या बाजूचे पैसे, किंवा मग निम्मे-निम्मे. यात लाजण्यासारखं काही नाही. हे बोलायचं धाडस मुलीच्या आईला होत नसेल, तर मुलाच्या आईने पुढे व्हावं. "ताई, हे नसलं तरी आमची हरकत नाही," एवढं एक वाक्य बोलायचं. त्याने तिच्या डोक्यावरचं केवढं ओझं उतरेल!

आलेल्या पाहुण्याला कुणी 'या, बसा' म्हटलं का, पाणी विचारलं का, जेवल्याची चौकशी केली का, हे त्याच्या लक्षात राहतं. खुर्चीवर काय घातलं होतं, ते घरी पोचेपर्यंत तो विसरलेला असतो. कर्जाचा हप्ता मात्र लग्न लावून देणाऱ्या आईला महिन्याच्या महिन्याला आठवतो. यंदा तुमच्या घरी यादी निघेल, तेव्हा प्रत्येक ओळीपुढे एकदा विचारा, 'हे नक्की कुणाला हवंय?' ज्या ओळीचं उत्तर कुणाकडेच नसेल, ती खुशाल खोडून टाका.