संकेतस्थळाचा गाळा आणि वेगळा मीटर



ऊसबिलाची यादी लागली की सगळे एकदमच मोबाईलवर कारखान्याचे संकेतस्थळ उघडतात आणि ते बंद पडते. मग आम्हांला फोन येतो, "साहेब, बिल दडवलं काय?" दडवलेले काही नसते, जागा अपुरी पडते.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतले यंत्रमाग डोळ्यांपुढे आणा. एका शेडमध्ये चौघांचे माग एकाच मीटरवर असले, तर एकाने भार वाढवला की चौघांचाही फ्यूज उडतो. स्वस्तातले सामाईक होस्टिंग असेच. अख्खी शेड भाड्याने घ्यावी, म्हणजे पूर्ण सर्व्हर, तर खर्च झेपत नाही. आभासी सर्व्हर हा मधला मार्ग: शेड एकच, पण गाळे पाडलेले आणि मीटर वेगळे. भिंतीचे काम सॉफ्टवेअर करते. मेमरी, डिस्क, प्रोसेसर यांचा वाटा ठरलेला. निदान करारात तसे लिहून घ्यावे, कारण काहीजण गाळ्यांपेक्षा भाडेकरू जास्त भरतात. युक्ती जुनीच आहे. आयबीएमने १९७२ साली व्हीएम/३७० काढून मोठा संगणक असाच वाटून दिला होता.

मात्र गाळ्याचे कुलूप आपले, राखणही बहुधा आपलीच. आणि शेडच पडली तर सगळे गाळे जातात. म्हणून वजनपावत्या व बिलांची नक्कल दुसऱ्या ठिकाणी रोज ठेवावी, असे आम्ही कार्यालयास कळविले आहे.